अंबरमधली नरक-मुंगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबरमध्ये, म्हणजे झाडांची राळ गाडली जाऊन बनलेल्या जीवाश्मात, सापडलेल्या नामशेष मुंग्यांच्या जाती शेकडो आहेत. सगळ्यांबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा इथे एकाच गटाबद्दल नीट सांगितलं आहे. हा गट म्हणजे क्रिटेशस काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या, खालून वर मिटणाऱ्या जबड्यांच्या नरक-मुंग्या. कीटकांच्या इतिहासात इतका विलक्षण प्राणी क्वचितच सापडतो, आणि त्याच्याबद्दल गैरसमजही तितकेच आहेत. अंबर, त्याचं वय आणि त्याची खरेदी-विक्री यांविषयी नेहमी येणारे प्रश्नही सोबत घेतले आहेत.

नरक-मुंगी म्हणजे नेमकी कोणती मुंगी?

ही एक जात नाही. हैडोमिर्मेसिनी नावाचं मुंग्यांचं एक अख्खं उपकुळ आहे, आणि ते पूर्णपणे नामशेष झालेलं आहे. त्यातल्या पहिल्या जातीचं वर्णन रशियन कीटकशास्त्रज्ञ गेन्नादी द्लुस्की यांनी १९९६ मध्ये केलं. म्यानमारच्या अंबरमधल्या, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात असलेल्या नमुन्यांवरून त्यांनी तिला हैडोमिर्मेक्स सर्बेरस हे नाव दिलं. पुढे फ्रान्स आणि कॅनडातल्या अंबरमध्येही याच गटाच्या मुंग्या मिळाल्या. आता या उपकुळात दहाच्या आसपास प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) धरल्या जातात आणि त्यातल्या बहुतेक म्यानमारच्या आहेत.

आकाराने त्या काही मिलिमीटरच्याच होत्या. छायाचित्रात त्या अक्राळविक्राळ दिसतात, कारण ती छायाचित्रं सूक्ष्मदर्शकातून घेतलेली असतात.

नाव इतकं भयानक का?

ग्रीक पुराणातला मृतांचा लोक म्हणजे हेडीस, आणि त्याच्या दाराशी बसलेला तीन तोंडांचा कुत्रा म्हणजे सर्बेरस. द्लुस्कींनी दोन्ही नावं घेतली. इंग्रजीत त्यावरून जे टोपणनाव पडलं, त्याचंच मराठी रूप इथे वापरलं आहे.

तिच्या जबड्यात एवढं वेगळं काय आहे?

आजची कोणतीही मुंगी घ्या. तिचे दोन जबडे डावीकडून आणि उजवीकडून येऊन मध्ये मिटतात. पान कापणारी असो, दाणे वाहणारी असो की सैनिक मुंगी असो, हालचाल आडवीच असते. नरक-मुंगीचे जबडे विळ्यासारखे वाकडे होते, त्यांची टोकं वर, कपाळाच्या दिशेने वळलेली होती, आणि ते खालून वर हलत. आज जिवंत असलेल्या एकाही मुंगीत ही रचना नाही.

पण खालून वर येणारा जबडा भक्ष्य दाबणार कशावर? उत्तर डोक्याच्या पुढच्या भागात आहे. नरक-मुंग्यांमध्ये तोंडाच्या वरची कवचपट्टी बदलून गेलेली दिसते. हैडोमिर्मेक्समध्ये तिथे राठ केसांचा, काट्यांचा दाट पट्टा आहे. काही प्रजातींमध्ये तिथून चक्क शिंग निघालेलं आहे. २०१६ मध्ये वर्णन झालेल्या सेराटोमिर्मेक्स एलेनबर्गेरी या जातीचं शिंग तर डोक्याच्या वर लांब गेलेलं आहे आणि टोकाला चपटं, केसाळ आहे. त्याच्या जोडीला जबडेही तितकेच लांब, डोक्याच्याही वर पोचणारे आहेत. म्हणजे शिंग हा वरचा जबडा आणि खरे जबडे मिळून खालचा जबडा, अशी ही पकड होती.

यापुढची गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. जबड्याची दिशा बदलली की फक्त जबडा बदलून भागत नाही. आधाराला शिंग लागतं, शिंगाला पेलणारं डोकं लागतं, डोक्याचा कोन बदलावा लागतो. फिलिप बार्डन, व्हिन्सेंट पेरिशो आणि वांग बो यांनी २०२० मध्ये अनेक जातींच्या डोक्यांची मोजमापं ताडून पाहिली, तेव्हा नरक-मुंग्यांमध्ये शिंग आणि जबडा यांचे आकार एकमेकांशी बांधलेले दिसले. जबडा लांब तिथे शिंगही लांब. एका बदलाने बाकीचे बदल ओढून आणले आणि त्यातून डोक्यांचे असे आकार घडले जे नंतरच्या मुंग्यांमध्ये पुन्हा कधीच आले नाहीत.

हे फक्त अनुमान आहे, की शिकार करताना ती कुणाला सापडली आहे?

सापडली आहे. वर उल्लेख केलेल्या २०२० च्या संशोधनाचा गाभा म्हणजे अंबरचा एकच तुकडा होता. त्यात सेराटोमिर्मेक्स एलेनबर्गेरीची एक कामकरी मुंगी आहे आणि तिच्या पकडीत एक कीटक आहे. हा कीटक म्हणजे कॅप्युटोरॅप्टर एलेगन्स या, झुरळांच्या दूरच्या आणि आता नामशेष झालेल्या नातलगाचं पिल्लू. जबडे मानेच्या एका बाजूने आणि शिंग दुसऱ्या बाजूने, मध्ये भक्ष्य आवळलेलं. जबडे वर मिटत असावेत असं तोवर फक्त रचनेवरून सांगितलं जात होतं. या तुकड्यात ते प्रत्यक्ष दिसलं.

अंबरमध्ये दोन प्राणी शेजारी असले म्हणजे त्यांच्यात काही संबंध होताच असं नसतं. राळेच्या एकाच ओघळात वेगवेगळ्या वेळी अडकलेले जीव पुष्कळदा एकत्र दिसतात. इथे मात्र एकाची मान दुसऱ्याच्या जबड्यात आहे, त्यामुळे योगायोगाला जागा फारशी उरत नाही.

जबडे झटक्यात मिटत असत का?

तशी दाट शक्यता मानली जाते. कारण अनेक नरक-मुंग्यांमध्ये जबड्यांच्या वाटेत लांब, ताठ केस आहेत. आजच्या ओडोंटोमॅकस या सापळा-जबड्याच्या मुंग्यांमध्येही असेच केस असतात. केसाला भक्ष्याचा स्पर्श झाला की आधीच ताणून धरलेले जबडे सुटतात. या मुंग्यांच्या जबड्याचा वेग सेकंदाला ६४ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी २३० किलोमीटरपर्यंत मोजला गेला आहे. नरक-मुंगीचा वेग अर्थातच कुणी मोजलेला नाही, आणि कुठे एखादा आकडा दिलेला दिसलाच तर तो आजच्या मुंग्यांचा आहे हे ध्यानात ठेवावं.

रक्त पिणारी मुंगी होती म्हणतात, ते खरं आहे का?

हा प्रश्न लिंग्वामिर्मेक्स व्लाडी या जातीमुळे येतो. २०१७ मध्ये तिचं वर्णन झालं, आणि नावातला व्लाड म्हणजे ड्रॅक्युलाच्या दंतकथेमागचा तोच सरदार. सीटी स्कॅनमध्ये तिचं शिंग आजूबाजूच्या कवचापेक्षा जास्त घन दिसलं. शरीराने शिंगात धातूचे अंश साठवून ते बळकट केलं असावं, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. जबड्यांच्या आतल्या कडा मिटल्यावर तोंडाकडे जाणारी पन्हळ तयार होते. त्यावरून मांडलेला तर्क असा: जबडे मऊ भक्ष्याच्या अंगात घुसत, शिंग मागून आघात झेलत असे, आणि भक्ष्याचा अंगरस पन्हळीतून तोंडात येत असे.

कीटकांना आपल्यासारखं लाल रक्त नसतं. त्यांच्या शरीरातल्या द्रवाला अंगरस म्हटलं तर चित्र जास्त बरोबर उभं राहतं. भक्ष्याचा रस पिणं मुंग्यांमध्ये अनोखंही नाही. आजही काही जातींच्या मुंग्या आपल्याच वसाहतीतल्या अळ्यांच्या अंगाला छिद्र पाडून रस पितात आणि अळ्या त्यातून जगतात. लिंग्वामिर्मेक्सचं रसपान हा तर्क आहे, पण रचनेला धरून केलेला तर्क आहे.

म्हणजे ही आजच्या मुंग्यांची पूर्वज झाली ना?

नाही. हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज आहे, म्हणून जरा सविस्तर.

मुंग्यांच्या वंशवृक्षात एक मोठा फाटा असा आहे की आजच्या सगळ्या, चौदा हजारांहून जास्त नोंदलेल्या जाती त्याच्यावर बसतात. नरक-मुंग्या त्या फाट्यावर नाहीत. तो फाटा फुटण्याआधीच खोडापासून वेगळी झालेली ती एक बाजूची फांदी आहे, जी पुढे वाळून गेली. आजच्या मुंग्यांच्या दृष्टीने ती आजी नाही, फार लांबची चुलत आजी आहे आणि तिचा वंश पुढे चाललेला नाही.

‘आदिम’ हा शब्द तिच्या बाबतीत मला सरळ चुकीचा वाटतो. ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी जगणारी म्हणून ती साधी, अर्धवट घडलेली असणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात शिंगाचा आधार आणि उभे मिटणारे जबडे ही रचना आजच्या कित्येक मुंग्यांपेक्षा गुंतागुंतीची आहे. त्याच काळात झिग्रासिमेसिया नावाच्या मुंग्या होत्या, ज्यांच्या जबड्यांवर आणि तोंडाच्या कडेला दातऱ्यांसारखे काटे आहेत. जेरोन्टोफॉर्मिका नावाच्या मुंग्यांची ठेवण त्यामानाने साधी होती आणि त्यांच्या पुष्कळ जाती होत्या. थोडक्यात, मुंग्यांनी तेव्हाच अनेक तऱ्हांनी जगून पाहिलं होतं. त्यातल्या काही तऱ्हा कायमच्या गेल्या.

एवढी वेगळी असताना ती मुंगीच आहे हे कशावरून ठरतं?

मुंग्या गांधीलमाश्यांच्या गोतावळ्यातून आल्या, त्यामुळे जुन्या मुंग्यांमध्ये दोन्हींची लक्षणं दिसणार हे अपेक्षितच असतं. ओळख पटवताना प्रामुख्याने बिनपंखांची कामकरी मादी, छाती आणि पोट यांच्यामधली अरुंद, उंचवट्याची कंबर, आणि मागच्या पायांच्या वर छातीच्या बाजूला असणारी एक ग्रंथी पाहिली जाते. या ग्रंथीतून जंतू आणि बुरशी मारणारा स्राव येतो आणि ती मुंग्यांखेरीज दुसऱ्या कीटकांत नसते.

या बाबतीतला गाजलेला नमुना म्हणजे स्फेकोमिर्मा फ्रेयी. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत क्लिफवुड इथे फ्रे दांपत्याला १९६६ मध्ये अंबरचा एक तुकडा मिळाला, त्यात दोन मुंग्या होत्या. एडवर्ड विल्सन, फ्रँक कार्पेंटर आणि विल्यम ब्राउन यांनी १९६७ मध्ये तिचं वर्णन केलं. गांधीलमाशीसारखे आखूड, दोन दातांचे जबडे, पण कंबर मुंगीची. वय सुमारे ९ कोटी २० लाख वर्षं. क्रिटेशस काळातली निःसंशय मुंगी म्हणून मान्यता मिळालेली ही पहिलीच.

नरक-मुंग्यांना राणी, कामकरी, वसाहत असं काही होतं का?

या उपकुळात पंख असलेल्या राण्या आणि बिनपंखांच्या कामकरी माद्या, दोन्ही सापडल्या आहेत. कामाची वाटणी होती याचा हा भक्कम पुरावा आहे. त्याच काळातल्या जेरोन्टोफॉर्मिकाबद्दल तर आणखी बरंच हाती आहे. एकाच तुकड्यात अनेक कामकरी मुंग्या, दोन मुंग्या एकमेकींशी झुंजताना, आणि कामकरी मुंगीसोबत तिच्याच जातीचा कोष असे नमुने मिळाले आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेरोन्टोफॉर्मिकाच्या मिशांवर आजच्या मुंग्यांसारखीच गंध ओळखणारी केसाळ संवेदनांगं दिसली. त्यांत धोक्याचा इशारा देणारा गंध टिपणाऱ्या संवेदनांगांचाही समावेश आहे. म्हणजे एकमेकींशी गंधाने बोलणं तेव्हाच रुळलेलं होतं.

सर्वांत जुनी मुंगी अंबरमधलीच आहे का?

२०२५ पर्यंत तसं म्हणता येत होतं. त्या वर्षी ब्राझीलच्या क्रातो इथल्या चुनखडकातून व्हल्केनिड्रिस क्रातेन्सिस या जातीचं वर्णन झालं. वय ११ कोटी ३० लाख वर्षं. आणि तीही नरक-मुंगीच निघाली! हा जीवाश्म खडकातला आहे, अंबरमधला नाही. ब्राझील आणि म्यानमार एवढे दूर, मधे सव्वा कोटी वर्षांहून जास्त अंतर, आणि तरी जबड्याची तीच तऱ्हा दिसते. यावरून हा गट किती लवकर आणि किती दूरवर पसरला होता ते कळतं.

मुंगी अंबरमध्ये जाते कशी?

झाडाला जखम झाली की काही झाडं राळ सोडतात. राळ चिकट आणि वासाची असते, तिने जखम बंद होते आणि कीड, बुरशी दूर राहते. खोडावरून चढणारी-उतरणारी मुंगी तिच्यात रुतते, पाठोपाठ राळेचा दुसरा थर येतो आणि ती झाकली जाते. पुढे राळ मातीत गाडली गेली की तिच्यातले उडून जाणारे घटक हळूहळू जातात आणि उरलेले रेणू एकमेकांशी जोडले जाऊन ती कठीण होते. अर्धवट पिकलेल्या अवस्थेला कोपल म्हणतात. पूर्ण अंबर व्हायला लाखो वर्षं लागतात.

डिंकाचा अंबर होत नाही. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

अंबरचं वय कसं काढतात?

अंबरचं स्वतःचं वय थेट मोजता येत नाही. ज्या खडकात तो सापडतो त्याचं वय काढतात. म्यानमारच्या हुकाँग खोऱ्यातल्या अंबरभोवतीच्या खडकात ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक आहेत. त्यांच्यातल्या युरेनियमचं शिशात किती रूपांतर झालं ते मोजून २०१२ मध्ये ९ कोटी ८७ लाख ९० हजार वर्षं हा आकडा आला. त्यात चूक राहिली तर सहा लाख वर्षांच्या आसपास. ‘९ कोटी ९० लाख’ हे सगळीकडे दिसणारं वय यावरूनच आलं.

आत खरी मुंगी असते, की फक्त ठसा? आणि डीएनएचं काय?

कधी बाहेरचं कवच जसंच्या तसं असतं पण आत पोकळी असते, तर कधी स्नायूंचे तंतूही टिकलेले असतात. केस, डोळ्यांचे पैलू, नख्या तर बहुतेक वेळा मोजता येतात.

डीएनए मात्र नाही. १९९० च्या दशकात अंबरमधल्या कीटकांचा डीएनए मिळाल्याचे दावे झाले, पण दुसऱ्या प्रयोगशाळांना तेच निकाल मिळाले नाहीत आणि ते दावे मागे पडले. २०१३ मध्ये एका गटाने अंबरपेक्षा खूपच तरुण असलेल्या कोपलमधल्या मधमाश्यांवर आधुनिक तंत्र वापरलं, त्यातूनही खात्रीचा प्राचीन डीएनए निघाला नाही. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून डीएनएच्या एका ठरावीक लांबीच्या तुकड्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे तुकडे मोडायला लागणारा काळ, ५२१ वर्षं निघालं आहे. त्या हिशेबात जवळपास दहा कोटी वर्षं कुठेच बसत नाहीत. नरक-मुंगी पुन्हा जिवंत करण्याची गोष्ट इथेच संपते.

तुकडा न फोडता आतलं दिसतं कसं?

आधी तुकडा पातळ करवतीने कापून मुंगीच्या जवळ सपाट पृष्ठ तयार करतात आणि त्याला झिलई देतात. घाई केली तर मिशीचं टोक कापलं जातं, म्हणून हे काम फार सावकाश करावं लागतं. मग सूक्ष्मदर्शक. त्यापुढे सूक्ष्म सीटी स्कॅन, आणि अंबर गढूळ असेल तर सिंक्रोट्रॉन या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातले प्रखर क्ष-किरण. इथिओपियाच्या अंबरमधली डेसिओपोन हेरेऑन ही मुंगी हॅम्बुर्गच्या डेसी संशोधन केंद्रातल्या अशाच किरणांनी उलगडली. तिच्या नावातच केंद्राचं नाव आहे.

नरक-मुंग्या नाहीशा का झाल्या?

त्यांचा सर्वांत अलीकडचा पुरावा कॅनडाच्या अंबरमधला, सुमारे ७ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतरच्या कुठल्याही थरात त्या दिसत नाहीत, आणि त्यांच्यासारख्या इतर जुन्या शाखाही दिसत नाहीत. आजच्या मुंग्यांचे पूर्वज मात्र तेव्हाच त्यांच्या शेजारी जगत होते. न्यू जर्सीच्या ९ कोटी २० लाख वर्षांच्या अंबरमधली किरोमिर्मा नेफी ही आजच्या एका मोठ्या उपकुळातली मुंगी आहे. क्रिटेशस अंबरमध्ये शंभर कीटकांत फार तर एखाद-दोन मुंग्या मिळतात, पुढच्या काळातल्या अंबरमध्ये त्यांचं प्रमाण बरंच वाढतं. एकाच पद्धतीच्या शिकारीत इतकं मुरलेलं शरीर अन्न बदलल्यावर टिकणं अवघड होतं, असं मला वाटतं.

म्यानमारच्या अंबरवरून वाद कशाचा आहे?

वाद गंभीर आहे. अंबरच्या खाणी काचिन राज्यात आहेत, जिथे लष्कर आणि काचिन सशस्त्र गट यांच्यात दीर्घकाळ संघर्ष चालू आहे. २०१७ पासून लष्कराने खाणींचा ताबा घेतला, लोक विस्थापित झाले. अंबरच्या विक्रीतला पैसा संघर्षात जातो, म्हणून २०२० मध्ये पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने संशोधन-पत्रिकांच्या संपादकांना नव्या नमुन्यांवरचे लेख थांबवण्याचं आवाहन केलं. शिवाय म्यानमारमधून जीवाश्म परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत, पण अंबर रत्न म्हणून बाहेर जातो. या फटीतून पुष्कळ नमुने गेले.

नरक-मुंग्यांची बहुतेक माहिती याच खाणींतून आली आहे. तिच्याबद्दल कुतूहल असणाऱ्या प्रत्येकाने खाणीत उतरणाऱ्या माणसांचाही विचार करायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आधीच संग्रहालयांत असलेल्या नमुन्यांत अजून खूप काम बाकी आहे.

बनावट अंबर ओळखता येतो का?

काही प्रमाणात. संपृक्त मिठाच्या पाण्यात अंबर तरंगतो, बरीच प्लास्टिकं आणि काच बुडतात. अ‍ॅसिटोनचा थेंब टाकला की कोपल चिकट होतो, अंबर सहसा होत नाही. अतिनील प्रकाशात अंबर बहुधा निळसर चमकतो. पण खात्री अवरक्त वर्णपटानेच, म्हणजे तुकडा कोणते अवरक्त किरण शोषतो हे प्रयोगशाळेत मोजूनच होते. मुंगी मोठी, मधोमध, सगळे पाय पसरून बसवल्यासारखी दिसली तर शंका घ्यावी. खऱ्या नमुन्यांत बुडबुडे, कचरा, मुडपलेले पाय असतात.

माझ्याकडच्या अंबरमध्ये मुंगी आहे. काय करू?

गरम सुई लावू नका, स्वतः घासूनही पाहू नका. उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, डबीत ठेवा. हवा आणि प्रकाशाने अंबर काळपट होतो आणि त्याला बारीक तडे जातात. तो कुठून, कधी, कुणाकडून आला हे कागदावर लिहून डबीतच ठेवा, कारण ठिकाण माहीत नसलेल्या नमुन्याची किंमत संशोधनात फार कमी होते. मग वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी स्पष्ट छायाचित्रं काढून एखाद्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या कीटक विभागाला पाठवा. नव्या जातीचं वर्णन ज्या नमुन्यावरून होतं तो सार्वजनिक संग्रहात असावा, असा अभ्यासकांचा आग्रह असतो. म्हणून नमुना महत्त्वाचा निघाला तर तो देण्याची तयारी आहे का, याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा.